चाल: मायाक्काची

माझं गाणं मला सोलापुरात भवानी पेठेत एका वरातीत सापडलं. मी ड्युटी संपवून, भाजी घेऊन घरी चालले होते. समोरून वरात आली. पुढं गाडीवर स्पीकरची भिंत, मागं घोड्यावर नवरदेव आणि मधे रस्ता अडवून नाचणारी मंडळी. त्या स्पीकरमधून हलगीच्या ठेक्यावर दोनच ओळी पुन्हा पुन्हा येत होत्या.

सांज झाली रानात, मेंढरं निघाली घरा,
एक मागं राहिलं, राया रे, थांब जरा.

राया. मी लिहिलं होतं, ‘येशू रे, थांब जरा.’ चर्चमध्ये हे गीत सुरू झालं की म्हातारी माणसं डोळे मिटून घेतात. हितं ‘थांब जरा’ आलं की सगळे कंबर एका बाजूला काढून थांबत होते आणि हलगी वाजली की परत सुटत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजूला उभ्या असलेल्या एका नटलेल्या बाईला मी विचारलं, हे गाणं कुठलं?

“तुम्ही ऐकलं न्हाय व्हय?” ती म्हणाली. “लई चाललंय की सध्या. आमच्या नणंदेनं दोन रीलं केली त्याच्यावर.”

गाणं लिहिणाऱ्या बाईला तिचंच गाणं माहीत आहे का म्हणून विचारतात. मी दोन्ही पिशव्या घट्ट धरल्या आणि घरी आले. त्या दिवशी कांदा इतका बारीक चिरला की आरोही, माझी मुलगी, लांबूनच म्हणाली, “मम्मी, कोणावर चिडलीयस?”

सांगते. मी विजयमाला उबाळे. सोलापुरात एका दवाखान्यात सव्वीस वर्षं सिस्टर आहे, आणि त्याच्याही आधीपासून आमच्या चर्चसाठी गीतं लिहिते. आमच्यात गीत लिहिणाऱ्यानं म्हणायचं असतं, ‘हे सगळं प्रभूच्या गौरवासाठी.’ मीही तेच म्हणत आले. पण खरं सांगू का, मला माझं नाव हवं होतं. रिक्षावाल्यानं माझं गीत लावावं, सात रस्त्यावर सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या गाडीतून ते ऐकू यावं, आणि कुणीतरी म्हणावं की हे उबाळेबाईंचं. प्रार्थनेत गुडघे टेकून मी हेच मागितलंय, आणि नंतर त्याचीच क्षमाही मागितलीय.

आणि का मागू नये? आम्हाला बाहेर कोण ओळखतं? सिनेमात ख्रिस्ती माणूस आला की त्याच्या गळ्यात क्रूस, हातात बाटली आणि तोंडात मोडकंतोडकं मराठी. आमच्या चार पिढ्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन मोठ्या झाल्या. आमच्या चर्चमध्ये पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत. तरी कामावरच्या बायका डिसेंबर आला की विचारतात, “तुमच्यात इंग्लिश गाणी असतात ना?” सव्वीस वर्षं झाली, अजून विचारतात.

तर हे गीत. चार वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात बेड नंबर नऊवर हरिबा वाघमोडे म्हणून एक धनगर पेशंट होते. फुप्फुसं कामातून गेलेली. अकरा दिवस होते. त्यांची बायको मायाक्का खाटेखाली घोंगडं टाकून बसायची आणि सारखं काहीतरी गुणगुणायची. मी औषधं द्यायला जायची, सलाइन बदलायची, टेंपरेचर घ्यायची, आणि ती चाल माझ्या कानात बसली. शब्दांकडं मी काही लक्ष दिलं नाही. वॉर्डात एकटीला तीस पेशंट असताना कोण शब्द ऐकतंय? बाराव्या दिवशी सकाळी हरिबा गेले. शेवटचं चमचाभर पाणी मीच त्यांच्या तोंडात घातलं. मायाक्का रडली नाही. घोंगडं झटकलं, घडी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

त्याच आठवड्यात मी गीत लिहिलं. पहिल्या दोन ओळी एका दमात आल्या, एक अक्षर खोडावं लागलं नाही. पुढच्या कडव्यांना मात्र तीन आठवडे घाम गाळला. चर्चमध्ये उभी राहून मी साक्ष दिली, की या दोन ओळी प्रभूनं मला जशाच्या तशा दिल्या. मंडळी ‘आमेन’ म्हणाली.

पाळकसाहेब नाही म्हणाले आमेन. उपासनेनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “विजयमालाबाई, शब्द चांगले आहेत. पण ही धनगरी चाल देवाच्या घरात? लोक काय म्हणतील?”

माझं डोकं फिरलं. मी कपाटातून आमचं जुनं गीतांचं पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढं उघडून धरलं. आमच्या पुस्तकात प्रत्येक गीताच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ छापलेली असते. कुठलं गीत नाटकातल्या पदाच्या चालीवर, कुठलं भूपाळीच्या, कुठलं लावणीच्या. चाल उसनी घेतली तर कुणाची ते लिहायचं, चोरून घ्यायची नाही, ही आमची जुनी रीत आहे. “साहेब,” मी म्हटलं, “लावणीची चाल देवाच्या घरात दीडशे वर्षं चालते, मग धनगराचीच का टोचते?” त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. कापणीच्या सणाला गीत म्हटलं गेलं. माझ्या कागदावर डोक्याशी मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘चाल: मायाक्काची ओवी.’

त्याच ओळीनं माझा घात केला.

गेल्या वर्षी आरोहीनं सांगितलं, की सात रस्त्याजवळ मोबाइलच्या दुकानावर एक रेकॉर्डिंग स्टुडिओ झालाय, तो नवीन गाणारे शोधतोय. मी रजा टाकून, इस्त्रीची साडी नेसून गेले. स्टुडिओवाला अजिंक्य, तिशीचा, बोलायला गोड. “मॅडम, तुमच्यात गिटार असते ना?” त्यानं पहिलं हेच विचारलं. मी गायले. त्यानं रेकॉर्ड केलं, गीताचा कागद ठेवून घेतला आणि एक छापील फॉर्म पुढं केला. मी सही केली. आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना म्हणत आले, वाचून सही करा, आणि स्वतः मात्र वाचलं नाही, कारण आनंदात भानच नव्हतं. नंतर सहा महिने त्याचा फोन नाही. मग ती वरात.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढं उभी राहिले.

“मॅडम, चिडू नका,” तो म्हणाला. “तुमचा आवाज जरा उपासनेवाला वाटत होता, म्हणून दुसऱ्या पोरीकडून गाऊन घेतलं. गाणं हिट झालं की. खूश व्हा.”

“माझं नाव कुठं आहे?”

त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. गाण्याखाली लिहिलं होतं: गीत, पारंपरिक. संगीत, अजिंक्य.

“पारंपरिक कसं? मी लिहिलंय ते.”

त्यानं ड्रॉवरमधून माझाच कागद काढला आणि डोक्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. “तुम्हीच लिहून दिलंय, मायाक्काची ओवी. म्हणजे तुमचं नाही. फॉर्मवर पण पारंपरिक लिहिलंय, खाली तुमची सही.”

मी त्याला चालीची रीत समजावून सांगितली. चाल तिची, शब्द माझे. तो मान हलवत होता, पण डोळे मोबाइलवर. शेवटी मी विचारलं, “बरं, नावाचं राहू दे. येशू कुठं गेला?”

“मॅडम, येशू घातलं की पब्लिक लगेच पुढं सरकतं. खाली कमेंटा येतात, धर्मप्रचार करता म्हणून. राया सगळ्यांना चालतो.”

“आणि कडवी? मेंढरू सापडतं ते कडवं?”

“एवढी मोठी स्टोरी कोण ऐकतंय? मजा पहिल्या दोन ओळींत आहे. तेवढ्याच ठेवल्या.”

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, रविवारी मला प्रभुभोजन घ्यायचं असतं. शेवटी आवाज ऐकून खालचा दुकानदार वर आला, तेव्हा अजिंक्य म्हणाला, “हे बघा, भांडून काय होत नाही. ती मायाक्का कोण आहे, तिचा एक व्हिडिओ आणा. तिनं म्हणावं की चाल माझी, शब्द मॅडमचे. मी लगेच तुमचं नाव घालतो आणि येशूवालं गाणं पण टाकतो. शब्द देतो.”

बास, मला एवढंच हवं होतं. माझं नाव आणि येशूचं नाव. कुठलं आधी म्हणून विचारू नका.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलं होतंच. ते म्हणाले, “मी म्हटलं होतं. बाहेरची चाल आणली, ती बाहेर गेली.” मी सलाम म्हटलं आणि निघाले, नाहीतर चर्चमध्येही खालचा दुकानदार बोलवावा लागला असता.

दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरमध्ये हरिबांच्या लेकीचा पत्ता सापडला. हरिबा गेल्यापासून मायाक्का वळसंगला लेकीकडं राहत होती. रविवारी उपासना झाल्यावर मी आणि आरोही बसनं गेलो. वाटभर मी आरोहीला शिकवत होते, की फोन आडवा धर, मावशींचा चेहरा नीट येऊ दे, त्या ‘शब्द बाईंचे’ म्हणतील ते कापलं जाऊ देऊ नको. आरोही म्हणाली, “मम्मी, तू कोर्टात चाललीयस का?” मी म्हटलं, तसंच समज.

घराबाहेर बाभळीखाली जाळीचं कुंपण, आत सात-आठ मेंढरं. मायाक्का एका कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या पायातलं कुसळ काढत होती. वाळून निम्मी झाली होती, पण मला बघताक्षणी ओळखलं.

“सिस्टरबाई, तुमीच की. आमच्या मानसाच्या तोंडात पानी तुमी घातलं.” तिनं लेकीला हाक मारून चहा टाकायला लावला. शेजारची दानम्मा कानडीत ‘बर्री, बर्री’, या, या, म्हणत घोंगडी अंथरून गेली.

चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. तुमची चाल मी आमच्या गीताला घेतली, कागदावर तुमचं नाव लिहिलं, सात रस्त्याच्या पोरानं ते गीत नासवलं. आता तुम्ही फोनसमोर एवढंच सांगा की चाल माझी, शब्द सिस्टरबाईंचे.

“सांगते की. त्याला काय हुतंय?” मायाक्का म्हणाली. “पर कंचं गानं त्ये तर ऐकवा आदी.”

आरोहीनं फोन आडवा धरून रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि माझ्या फोनवर मी ते गाणं लावलं. हलगी वाजली. कोकरू दचकलं, मायाक्कानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सांज झाली रानात, मेंढरं निघाली घरा. ती ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, चाल ओळखीची आहे म्हणून हलताहेत.

गाणं संपलं. “ह्ये माजं गानं हाय,” ती म्हणाली.

“चाल तुमची, मावशी. मी तेच तर म्हणतेय.”

“चाल न्हवं. गानं.” आणि तिनं म्हणून दाखवलं. आवाज फाटका, पण सूर जागेवर.

सांज झाली रानात, मेंढरं निघाली घरा,
एक मागं ऱ्हायलं, बिरोबा, थांब जरा.

आरोहीनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. देवाचं नाव सोडलं तर अक्षर न् अक्षर तेच होतं. मी चर्चमध्ये उभी राहून प्रभूनं दिल्या म्हणून सांगितलेल्या दोन ओळी बेड नंबर नऊवरून आल्या होत्या. अकरा दिवस माझ्या कानावर पडल्या, बाराव्या दिवशी गाणारी निघून गेली, आणि मी त्या उचलून स्वतःच्या वहीत ठेवल्या. लक्ष दिलं नाही म्हणे शब्दांकडं. कानानं दिलं होतं.

“तुमच्या सासूनं वगैरे शिकवलं होतं का हे?” मी विचारलं. लाज सांगते, त्या क्षणीही मी पळवाट शोधत होते. जुनं असेल, पारंपरिक असेल, तर मग ते कुणाचंच नाही आणि मी सुटले.

“सासू कशाला शिकवतीया. म्या जुळिवलं. लगीन होऊन आले तवा आमी मेंढरं घिऊन कुटं कुटं जायाचो. ह्यो पुडं चालायचा लांब लांब टांगा टाकत. मी मागं, पाय पोळायचं. नव्या नवरीनं नवऱ्याला थांब म्हनायचं कसं? म्हून बिरोबाला म्हनायची. त्याला बरूबर कळायचं. थांबायचा.” मायाक्का कोकराचा पाय बघत होती. “दवाखान्यात बी त्येच म्हनत हुते की मी. तवा न्हाय थांबला.”

मग तिनं मान वर केली.

“त्या पोरानं तुमच्या देवाचं नाव काडलं म्हून तुमाला राग आलाय, व्हय?”

“हो.”

“मग माज्या बिरोबाचं नाव कुनी काडलं?”

ती रागानं विचारत नव्हती. दवाखान्यात ‘ही गोळी कवा द्याची’ म्हणून विचारायची, तसंच विचारलं. एवढा मोठा संताप घेऊन मी बसनं वळसंगपर्यंत आले होते, तो कुणावर काढू? सात रस्त्यावर अजिंक्यनं जे केलं तेच मी चार वर्षांपूर्वी केलं होतं, फक्त इस्त्रीची साडी नेसून आणि मंडळीकडून ‘आमेन’ घेऊन. मी मायाक्काचं नाव कागदावर लिहिलं, आणि स्वतःला लई प्रामाणिक समजले. पण ते तिला सांगायला वळसंगला आले का? एकदाही नाही. आज आले ते माझं काम होतं म्हणून.

“मी काढलं, मावशी,” मी म्हटलं. “माझं चुकलं.”

“आता तुमी काय मुद्दाम केलं असंल व्हय,” ती म्हणाली. मुद्दाम केलं नव्हतं हे खरं, पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही. मग तिनं विचारलं, “पुडं काय केलंय तुमी त्येचं? म्हना की.”

मी म्हणून दाखवलं, जे तीन आठवडे घाम गाळून लिहिलं होतं ते.

नव्याण्णव उभी माळावर, तो एकासाठी मागं फिरला,
बाभळीच्या काट्यातनं काढून खांद्यावर घेऊन आला.

मायाक्कानं कोकराचा पाय सोडला. कोकरू तिच्या मांडीवरून उतरून जाळीकडं गेलं.

“ह्ये माजं न्हाय,” ती म्हणाली. “ह्ये तुमचं. माज्या गान्यात कुनी मागं येत न्हाय.” आणि पदराला डोळे पुसत म्हणाली, “परत म्हना ते.”

मी परत म्हटलं. हरिबा गेले त्या सकाळी न रडलेली बाई चार वर्षांनी माझ्यापुढं रडली, आणि मला आयुष्यात गीताचं जे काय मिळायचं होतं ते तिथंच मिळालं. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला नाव नको होतं.

परतीच्या बसमध्ये डोकं जरा थंड झालं तेव्हा लक्षात आलं. अजिंक्यनं ठेवल्या त्या दोन ओळी मायाक्काच्या. त्यानं कापून टाकली ती कडवी माझी. ज्या गाण्यासाठी मी चाललेली वरात बघून पेटले, स्टुडिओत तमाशा केला, पाळकसाहेबांचं ऐकून घेतलं, त्यात माझं एक अक्षरही नव्हतं.

“व्हिडिओ पाठवायचा का?” आरोहीनं विचारलं.

“पाठव. सगळा पाठव. काही कापू नको.”

अजिंक्यचं उत्तर बस सोलापुरात शिरायच्या आत आलं. ‘बघा मॅडम, मी म्हणलो नव्हतो का, पारंपरिक.’ खाली हसरा चेहरा. माझा थंड झालेला राग परत उकळला. पारंपरिक म्हणे. म्हातारी बाई, खेड्यातली, मेंढरं राखणारी, म्हणजे तिला नाव नाही, गाव नाही, तिचं गाणं रानात उगवलं आणि ज्याला दिसलं त्यानं तोडून न्यायचं. वळसंगला बाभळीखाली बसलीय ती, मायाक्का हरिबा वाघमोडे. चहा पण चांगला करते तिची लेक.

निघताना मी मायाक्काला विचारलं होतं, की आता गाण्याखाली तुमचं नाव घालायला लावते, चालेल ना? तिनं हात झटकला. “माजं नाव कशाला? आनि त्ये राया काडाया सांगा आदी. चारचौघात नवऱ्याला राया म्हनतंय व्हय कुनी? बिरोबाच घाला.” मी म्हटलं, दोन्ही घालायला लावते.

येत्या रविवारी मला चर्चमध्ये दुसरी साक्ष द्यायची आहे, की चार वर्षांपूर्वीची साक्ष चुकीची होती. ती कशी द्यायची ते अजून ठरलेलं नाही, पाळकसाहेब काय म्हणतील तेही माहीत नाही. त्याआधी उद्या दुपारची ड्युटी बदलून घेतलीय. मी, विजयमाला उबाळे, जन्मापासूनची ख्रिस्ती बाई, सात रस्त्यावर त्या स्टुडिओत जाऊन बसणार आहे, आणि गाण्यात बिरोबाचं नाव परत पडल्याशिवाय उठणार नाही.